बेवड

मराठी शब्दसंपत्तीचा अभिमान सांगावयाची वेळ आली म्हणजे आपण सुशिक्षित लोक बहुधा संतांच्या ओव्यांकडे किंवा शाहिरांच्या पोवाड्यांकडे धांव घेतों. मला मात्र अशा वेळीं वऱ्हाडांतल्या शेतकऱ्याच्या तोंडचा एक साधा शब्द आठवतो. तो शब्द म्हणजे ‘बेवड’. एक पीक काढून नेल्यावर त्यानें जमिनींत जें कांहीं मागें ठेविलेलें असतें, तें गुणकारी असो वा बाधक, त्याचें नांव बेवड. मुगाचा बेवड चांगला, असें शेतकरी म्हणतो तेव्हां मूग किती पिकला किंवा काय भावानें विकला यासंबंधीं तो बोलत नसतो. मूग निघाल्यावर त्या जागीं येणाऱ्या पिकाला तें रान कसें लाभेल, याचा तो निर्णय देत असतो. तीस वर्षें मी इंग्रजी वाङ्मय शिकवीत आलों आहें. पिकांच्या फेरपालटीला इंग्रजींत शब्द आहे. परंतु गेलेल्या पिकाच्या या मागें उरलेल्या गुणदोषाला रोजच्या बोलण्यांतला एकच सुटसुटीत शब्द मला त्या समृद्ध भाषेंत आढळलेला नाहीं.

हा शब्द सध्यां मनांत घोळण्याचें कारण मात्र वाङ्मयीन नाहीं. वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यांत आम्हां दोघां भावांची मिळून बारा एकर जमीन आहे. वडिलांच्या पश्चात् ती दरसाल मक्त्यानें दिली जाते. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास बोलणें होतें, रक्कम ठरते, आणि पुढच्या अक्षय्य तृतीयेपर्यंत जमीन कसणाऱ्याच्या स्वाधीन होते. गांवोगांव हीच रीत आहे. यंदा आमच्या मक्तेदारांनीं एक मागणी केली. तिचा विचार करूं लागलों आणि बेवड या शब्दाचें वजन मला नव्यानें कळलें.

वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेलें प्राचीन वत्सगुल्म. येथील पुष्कळशी जमीन काळी. पावसाळ्यांत पाय धरून ठेवणारी आणि उन्हाळ्यांत हात जाईल एवढ्या भेगा पाडणारी. माझ्या लहानपणीं या रानांत पिकांचा एक क्रम असे. एका सालीं पऱ्हाटी, दुसऱ्या सालीं ज्वारी, आणि दोहोंतहि ठराविक ओळींनंतर तुरीचें एक तास. कांहीं वावरांत मूग-उडीद. ओल धरून ठेवणाऱ्या रानांत रब्बीचा हरभरा, गहू, जवस आणि करडई. हा क्रम कोणी लिहून ठेविलेला नव्हता. तिफण जुंपतांना घरांतल्या वडील माणसाला गेल्या दोन वर्षांचा हिशेब तोंडपाठ असे, इतकेंच.

हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करण्यासाठीं डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर हे रसायनशास्त्रज्ञ विलायतेहून १८८९ सालीं येथें आले. त्यांचा अहवाल १८९३ सालीं प्रसिद्ध झाला. येथील रयतेला फेरपालट ठाऊक नाहीं ही त्या काळच्या साहेबलोकांची समजूत व्होल्कर यांनीं त्यांत स्पष्टपणें खोडून काढिली. तृणधान्याच्या मागून किंवा त्याच्याच सोबत डाळीचें पीक घेण्याची चाल सार्वत्रिक असल्याचें त्यांनीं नमूद केलें. शिकवावयास आलेल्या मनुष्यानें आधीं शिकून घ्यावें, हा सद्गुण अहवाल लिहिणाऱ्यांत दुर्मिळ असतो.

या चालीचें मर्म युरोपांतहि फार जुन्या काळीं उमगलेलें नव्हतें. क्लोव्हर, वाटाणा वगैरे द्विदल पिकें जमिनींतील नत्र वाढवितात असें फ्रान्सच्या बूसँगोनें १८३८ च्या सुमारास आपल्या प्रयोगांवरून दाखविलें. परंतु तें नत्र येतें कोठून, हें कोडें उरलें. जर्मन शास्त्रज्ञ हेल्रीगेल यानें १८८६ सालीं त्याचा उलगडा केला. द्विदलांच्या मुळांवर ज्या बारीक गाठी असतात त्यांत सूक्ष्म जंतु वस्ती करितात, आणि हवेंतलें नत्र झाडाला पचेल अशा रूपांत आणून देतात. झाड त्यांना साखर पुरवितें, ते झाडाला नत्र पुरवितात. मुगाचें रोप हळूच उपटून त्याच्या मुळावरची गाठ नखानें चिरावी; आंत गुलाबी तांबडा रंग दिसला तर कारखाना चालू आहे असें समजावें. हा रंग आपल्या रक्तांतील तांबड्या द्रव्याच्याच जातीच्या एका द्रव्याचा असतो. शेतकीखात्यानें शिफारस केलेलें रायझोबियमचें २५० ग्रॅमचें पाकीट दहा किलो बियाण्याला चोळतात, तें याच जंतूंचें.

डाळींचें देणें नत्रावरच थांबत नाहीं. हैदराबादजवळ पाटणचेरू येथें १९७२ सालीं स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संशोधन-संस्थेंत जपानी शास्त्रज्ञांनीं १९९० सालीं असें दाखविलें कीं, तांबड्या मातींत लोहाशीं घट्ट बांधलेलें स्फुरद तूर आपल्या मुळांतून एक आम्ल सोडून मोकळें करूं शकते. इतर पिकांना तें सहजासहजीं साधत नाहीं. आमच्या काळ्या मातींत हरभऱ्याचें आम्ल तर सर्वांच्या परिचयाचें आहे. हिंवाळ्याच्या पहाटे हरभऱ्याच्या शेतांतून चालत गेलें म्हणजे धोतराचे सोगे आंबट होतात. पिकावर रात्रीं फडकें अंथरून तें सकाळीं पिळून घेतलें कीं आंब मिळे, आणि पोट बिघडल्यावर ती घरोघरीं औषध म्हणून देत. पानांप्रमाणें हरभऱ्याचीं मुळेंहि असलीं आम्लें मातींत सोडतात. शिवाय तूर आपलीं पानें उभ्या उभ्या गाळते, आणि तिचें सोटमूळ जेथें ज्वारीचीं मुळें पोंचत नाहींत अशा खोलींतून ओल उचलतें. ज्वारी शंभर-सव्वाशें दिवसांत निघून जाते, आणि तूर मागें राहून तिची मोकळी झालेली जागा व्यापते. एका शेतांत दोघांनीं भांडण न करितां रहावें, असा हा संसार आहे.

परंतु डाळ दाती आहे म्हणून ती अहोरात्र देतच राहील, असें समजणें चूक. कोणत्याहि द्विदल पिकाचा बेवड हा त्यानें मिळविलेलें नत्र आणि दाण्यांबरोबर शेताबाहेर गेलेलें नत्र यांच्या वजाबाकीवर अवलंबून असतो. सोयाबीनच्या दाण्यांत सुमारें चाळीस टक्के प्रथिनें असतात. त्याला लागणाऱ्या नत्रापैकीं निम्म्याच्या आसपासच तें हवेंतून मिळवितें. बाकीचें मातींतून घेतें. दाणा तर सगळा तेलाच्या कारखान्याकडे जातो. म्हणून सोयाबीन मुळांवर गाठी मिरवीत असलें तरी शेताच्या खात्यावर तें फारशी शिल्लक टाकीत नाहीं.

आज आमच्या जिल्ह्यांत खरिपाच्या पेरणीचा मोठा भाग या सोयाबीननें व्यापिला आहे. जबलपूरच्या कृषि-विद्यापीठाचा जे. एस. ३३५ हा वाण १९९४ सालीं प्रसारित झाला, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत विदर्भाच्या शेतीचें रूपच पालटलें. शेतकऱ्याला याबद्दल नांवें ठेवण्याची शहरांत एक टूम आहे. ती मला मान्य नाहीं. शंभर दिवसांत येणारें, मळणीयंत्रांतून एका दिवसांत निघणारें, दिवाळीच्या आधीं रोख पैसा देणारें आणि पुढें हरभऱ्याला रान मोकळें करून देणारें पीक समोर असतांना, पावसांत सांपडून काळी पडणारी ज्वारी त्यानें कोणाच्या समाधानासाठीं पेरावी?

तरीहि ज्वारी गेली तेव्हां ती एकटी गेली नाहीं. तिच्याबरोबर कडबा गेला. कडब्याबरोबर बैल आणि गाई गेल्या. आणि गुरांबरोबर शेणखत गेलें. उरलें तें सोयाबीन आणि त्यावर हरभरा; पुन्हा सोयाबीन आणि पुन्हा हरभरा. कागदावर पाहिलें तर खरीप-रब्बी मिळून सगळीं द्विदलेंच. एखाद्या बाहेरच्या पाहुण्याला वाटावें कीं जमिनीची केवढी चंगळ! परंतु देणाऱ्यामागून देणारा आला तर घेणारा कोण? ज्यानें तें नत्र खाऊन भरघोस चारा करावा तें तृणधान्यच मधून निघून गेलें. आपल्या ताटांतहि हाच नियम आहे. ज्वारीच्या प्रथिनांत जें द्रव्य उणें तें तुरीच्या वरणांत भरपूर, आणि वरणांत जें उणें तें भाकरींत. नुसतें वरण पिऊन कोणी बलवान झाल्याचें ऐकिवांत नाहीं.

शिवाय रोगाचा हिशेब निराळाच. हरभरा आणि तूर या दोघांनाहि मर लागते. हिरवें झाड पाहतां पाहतां माना टाकतें. हा रोग मातींतल्या बुरशीचा. तुरीची बुरशी पिकाच्या उरल्यासुरल्या अवशेषांवर सुमारें तीन वर्षें तग धरते. हरभऱ्याची तर हरभरा नसतांनाहि सहा वर्षांपर्यंत मातींत जिवंत सांपडलेली आहे. तिला उपाशी ठेवणें हा खरा उपाय, आणि उपाशी ठेवणें म्हणजे तिला न मानवणारें पीक मध्यें घालणें. तुरीच्या ओळींत ज्वारी असली म्हणजे मर कमी होते, हें पाटणचेरूच्याच प्रयोगांत दिसून आलें आहे. वाडवडिलांनीं तुरीचें तास ज्वारींतच कां ठेवलें, याचें एक उत्तर येथें सांपडतें.

आतां मक्तेदारांची मागणी सांगतों. ते माझ्याहून सात-आठ वर्षांनीं मोठे. गांवच्या नात्यानें मी त्यांना दादा म्हणतों. ते मला चारचौघांत ‘सर’ म्हणतात आणि एरव्हीं ‘भाऊ’. मक्त्याचे पैसे माझ्या हातीं ठेवून ते म्हणाले, “भाऊ, हरभरा मरून राह्यला. औंदा पाटीपाटीनं सुकला. मले हे वावर तीन साल द्या. मंग मी शेनखतबी टाकतो अन् जवारीबी पेरतो.”

मीं विचारलें, “एका सालांत ज्वारी पेरायला काय अडचण आहे, दादा?”

ते हंसले. “एक शेनखत टाकलं त ते तीन साल पुरते. गाड्या म्या भराच्या, अन् बेवड दुसऱ्यानं खावाचा? जवारीत एका साली काहीच उरत नाही. उरते ते मागून उरते.”

एवढेंच ते बोलले. त्यांत एका संपूर्ण अर्थशास्त्राचा सारांश होता. जमिनीचा हिशेब तीन वर्षांचा आणि आमचा करार एका वर्षाचा. तेव्हां दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाची काळजी वाहणारें मनुष्यच या व्यवस्थेंत कोणी उरत नाहीं. मालक शहरांत आहे, आणि मक्तेदाराला पुढचें साल दिसत नाहीं. अशा स्थितींत जें पीक आपला सगळा लाभ त्याच वर्षीं देऊन मोकळें होतें, तेंच पेरलें जाणार. ज्याचा लाभ मागून मिळतो त्याला वालीच नाहीं.

इंग्लंडच्या इतिहासांत हा प्रश्न पूर्वीं येऊन गेला आहे. गहू, टर्निप, जव आणि क्लोव्हर अशी चौसाली फेरपालट अठराव्या शतकांत नॉरफोक परगण्यांत प्रसिद्धीस आली. पाठ्यपुस्तकांत तिचें वर्णन येतें तें चार पिकांच्या चक्राचें. परंतु आर्थर यंग यांनीं १७७१ सालीं या परगण्याच्या भरभराटीचीं कारणें मोजलीं, तेव्हां चांगल्या पीकक्रमाच्या बरोबरीनें लांब मुदतीचे पट्टे हेंहि एक कारण त्यांनीं दिलें होतें. पुढें होल्कमचे जमीनदार थॉमस विल्यम कोक हे आपल्या कुळांना एकवीस-एकवीस वर्षांचे पट्टे देत, आणि कोणत्या पिकामागून कोणतें पीक घ्यावें याच्या अटी त्यांत घालीत. बी आणि मुदत हीं दोन्ही एकत्र पेरलीं म्हणून तें चक्र फिरलें.

आपल्याकडे मुदत कां आखडली, यालाहि इतिहास आहे. कसेल त्याची जमीन, या न्याय्य तत्त्वावर विदर्भासाठीं १९५८ सालीं कूळकायदा झाला. त्यानें पुष्कळांना जमिनी मिळाल्या. पण एकच माणूस सतत कसूं लागला तर जमीन हातची जाईल, ही धास्तीहि मालकांच्या मनांत कायमची बसली. परिणामीं करार तोंडी झाले आणि वर्षावर आले. तोंडी मक्त्यानें कसणाऱ्याचें नांव कोठेंच लागत नाहीं. म्हणून बँकेचें पीककर्ज किंवा विम्याची भरपाई मिळवितांनाहि त्याचे हाल होतात. टी. हक यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें २०१६ सालीं नीति आयोगासाठीं शेतजमीन पट्ट्यानें देण्याच्या आदर्श कायद्याचा मसुदा तयार केला, तो मालकाची मालकी आणि कसणाऱ्याची मुदत या दोहोंना एकाच वेळीं अभय देण्याकरितांच.

माझा धाकटा भाऊ पुण्यास अभियंता आहे. त्याला मीं हें सर्व फोनवर सांगितलें. तो म्हणाला, “दादा, तीन वर्षें एकाच्या हातीं जमीन राहिली आणि उद्यां त्यांच्या मुलांनीं हक्क सांगितला तर? माणूस चांगला आहे हें खरें. पण सात-बारा कांहीं माणसाकडे पाहून चालत नाहीं.” त्याची भीति निराधार आहे असें मी म्हणणार नाहीं. एका वकील-मित्रालाहि विचारिलें. त्यानें धोका मोठा नसला तरी आहे, असें सांगितलें. तीन वर्षांची मुदत देणें म्हणजे ज्वारीविषयीं मत देणें नव्हे. एका मनुष्यावर विश्वास टाकून त्याची किंमत देण्यास तयार होणें होय.

दुसरी अडचण दादांनींच सांगितली. शिवारांत एकट्याच्याच वावरांत ज्वारी असली तर अवघ्या शिवाराचीं पांखरें तेथें उतरतात. पूर्वीं सगळेच पेरीत, तेव्हां पांखरांचा वांटा सगळ्यांत विभागला जाई. आतां राखण करणारा एकटा, आणि खाणारे रोही, रानडुकरें व चिमण्या-पोपटांचे थवे. फेरपालट ही वस्तुतः एका शेताची नसून एका शिवाराची असते, हें मीं कोणत्याहि पुस्तकांत वाचलें नव्हतें.

तिसरी अडचण बाजाराची. २०२५-२६ च्या हंगामासाठीं सरकारनें संकरित ज्वारीला क्विंटलमागें ३,६९९ रुपये, सोयाबीनला ५,३२८ आणि तुरीला ८,००० रुपये आधारभाव जाहीर केला. ते आंकडे पाहिले म्हणजे तुरीची बाजू बळकट वाटते. पण २०१७ सालीं तूर भरमसाट पिकली तेव्हां ५,०५० च्या आधारभावाखालीं ती विकणाऱ्यांच्या रांगा याच वऱ्हाडानें पाहिल्या आहेत. आणि डाळींचा भाव केवळ येथें ठरतहि नाहीं. कॅनडाच्या सपाट प्रदेशांत शेतकरी गहू आणि कनोला नांवाचें मोहरीच्या कुळांतलें तेलबियांचें पीक यांच्यामध्यें वाटाणा किंवा मसूर घेतात. आपल्या जमिनीला विसांवा मिळावा आणि रोगाची सांखळी तुटावी, हाच त्यांचाहि हेतु. परंतु त्यांच्या फेरपालटींतला वाटाणा जहाजानें आपल्याकडे येतो आणि आमच्या हरभऱ्याच्या भावावर दडपण आणतो. २०१७ च्या नोव्हेंबरांत सरकारनें पिवळ्या वाटाण्यावर ५० टक्के जकात बसविली आणि २०२३ च्या डिसेंबरांत ती माफ केली. त्यांच्या जमिनीचें चक्र नीट फिरावें आणि त्यापायीं आमचें अडखळावें, असा हा सृष्टीचा नव्हे तर व्यापाराचा बेवड आहे.

या सर्व गोष्टी तोलून मीं एक निर्णय घेतला. भाऊ म्हणाला, “तुझ्या सहा एकरांत तुला जें करावयाचें तें कर, माझ्या सहा एकरांचें पुढें पाहूं.” मीं सहा एकर दादांना तीन सालांसाठीं दिले, आणि मक्त्याऐवजीं बटाई ठरविली, म्हणजे खर्च निम्मा, उत्पन्न निम्में. रोख मक्त्यांत ज्वारीच्या सालची सगळी तूट कसणाऱ्याच्या एकट्याच्या अंगावर पडते. जिचा लाभ पुढें दोघांना मिळावयाचा, ती तूट दोघांनीं वांटून घ्यावी हें मला रास्त वाटलें. सहा एकरांचे तीन भाग केले. एकांत ज्वारी आणि तिच्यांत तुरीचीं तासें. दुसऱ्यांत मूग आणि तो निघाल्यावर करडई. तिसऱ्यांत सोयाबीन आणि त्यावर विहिरीच्या पाण्यावर गहू. दरसाल पीक एक भाग पुढें सरकेल. अशा रीतीनें कोणत्याहि भागांत तूर तीन वर्षांतून एकदांच येईल, आणि ज्वारी प्रत्येक भागाला एकदां भेटेल. दादांनीं एकच दुरुस्ती सुचविली: गव्हाच्या ठिकाणीं ‘गहू किंवा हरभरा, पाणी पाहून’ असें लिहावें. हरभऱ्याचा मोह त्यांना सोडवेना. आणि विहिरीला मार्गशीर्षांत किती पाणी राहील हें मला ठाऊक नसल्यामुळें मींहि हट्ट धरला नाहीं.

यांतून कांहीं चमत्कार होईल अशी माझी कल्पना नाहीं. सहा एकरांनीं जिल्ह्याची माती सुधारत नाहीं, आणि पहिल्या सालीं तर पांखरांचाच लाभ अधिक होईल. कडबा झालाच तर दादा एक गाय ठेवणार आहेत. तिचें खत तिसऱ्या सालीं शेतांत पडेल. तेव्हां हरभरा कितपत मरतो हें पाहून भाऊ आपल्या सहा एकरांविषयीं ठरवील. परंतु एवढें मात्र आतांच म्हणतां येतें. डाळीचें झाड हवेंतून नत्र घेतें, मुळाशीं सांठवितें आणि आपल्या मागून येणाऱ्यासाठीं ठेवून जातें. त्याला स्वतःला पुढचें साल पहावयाचें नसतें. मनुष्याची घडण तशी नाहीं. पुढच्या सालीं आपण येथेंच असूं अशी खात्री मिळाल्यावांचून तो मातींत कांहीं ठेवावयास धजत नाहीं. चांगल्या बेवडासाठीं बियाणें, पाणी आणि खत यांच्या बरोबरीनें ती खात्रीहि लागते, आणि ती मिळते केवळ दुसऱ्या मनुष्याकडून.